एकच जागा, चार फोटो

गटाच्या बैठकीचे, हळदीकुंकवाचे फोटो आपण काढतोच. आज आपण बोलणार आहोत शिवाराच्या फोटोबद्दल. शेत, ओढा, खाडी, डोंगर यांचा फोटो, वर्षातून चार वेळा आणि दर वेळी एकाच जागेवरून.

चार वेळा कशाला, असं वाटेल. खाडीकाठची पाणथळ जागा मे महिन्यात बघा. भेगाळलेला चिखल आणि सुकलेलं गवत दिसतं. तीच जागा ऑगस्टमध्ये पाण्यानं भरलेली असते आणि डिसेंबरात तिथे पक्षी उतरतात. नुसता मे महिन्यातला फोटो पाहिला, तर परका माणूस तिला पडीक म्हणून मोकळा होईल. आपल्याला ती जागा बारा महिने माहीत असते, पण आपलं माहीत असणं कागदावर कुठेच नसतं.

नवी मुंबईत याची किंमत कळते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, गावं हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. श्रावणात ती टेकडी कशी दिसायची, नदीचं पाणी कुठवर चढायचं, हे नातवंडांना दाखवायचं तर आता फोटोच हवा. आणि तो असलाच तर लग्नाच्या फोटोत मागे दिसणारा एखादा कोपरा.

दुसरं उदाहरण नेरूळच्या डीपीएस तळ्याचं. ठाणे खाडीत पावसाळ्यानंतर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात. ओहोटीला ते चिखलावर चरतात. भरतीला चिखल बुडाला की अशा तळ्यांवर येऊन विसावतात. २०२४ च्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी या तळ्यात येणं थांबलं आणि तळं सुकलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच येणाऱ्याला ते कायमच कोरडं वाटलं असतं. पण भरलेल्या तळ्याचे, पक्ष्यांनी गुलाबी झालेल्या पाण्याचे आधीच्या वर्षांचे फोटो लोकांकडे होते. तक्रारी आणि पाठपुरावा करावा लागलाच. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तळ्याला संरक्षण देण्यास मान्यता दिली.

आता आपण कसं करायचं ते सांगते. साधा मोबाईल पुरेसा आहे.

आधी गटानं गावातल्या तीन जागा ठरवा. एक शेताची, एक पाण्याची, एक डोंगराची किंवा माळाची. प्रत्येक ठिकाणी उभं राहायची खूण पक्की करा. देवळाचा चौथरा, विहिरीचा कठडा, पुलाचं टोक, असं न हलणारं काहीतरी. फोटोतही एक पक्की वस्तू येऊ द्या, म्हणजे विजेचा खांब किंवा जुनं झाड. तिच्यावरून पाणी किती चढलं, बांध किती खचला हे कळतं. मोबाईल आडवा धरा, छातीच्या उंचीवर. बोटांनी चित्र मोठं करू नका. काच पदराच्या मऊ टोकानं पुसून घ्या. सकाळी आठ-नऊची वेळ बरी, आणि शक्यतो सूर्य पाठीशी असावा.

खाडीचा फोटो मात्र घड्याळावर काढू नका, तिथीवर काढा. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासानं पुढे सरकते. म्हणून आपल्याकडे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो, तो कोळीणबाईंना विचारा. पौर्णिमेचा दिवस धरा. उधाणाचं पाणी कुठवर येतं आणि कुठवर ओसरतं, दोन्ही त्या दिवशी दिसतं. खारबंदिस्तीच्या बांधाला उद्या खांड पडली, तर आधी बांध कसा होता हे दाखवायला हाच फोटो उपयोगी येईल.

वर्षाचे चार मुक्काम असे धरा. मे अखेर, पावसाच्या आधी: विहिरीचा तळ, ओढ्याचं कोरडं पात्र, बांधाची डागडुजी. ऑगस्ट: आवणी झालेलं भातशेत, तुंबलेलं पाणी, डोंगरावरचे ओहोळ. ढगाळ उजेडात हिरवा रंग चांगला येतो. मोबाईलला पारदर्शक पिशवी घाला आणि फोटोपुरतीच काच उघडी ठेवा. नोव्हेंबर: कापणी आणि खाडीवर येणारे पक्षी. फेब्रुवारी अखेर: फुललेला पळस आणि काटेसावर, आटत चाललेलं पाणी.

जिवापेक्षा फोटो मोठा नाही. वीज चमकत असेल तर शेतात उभ्या राहू नका. पावसाळ्यात धबधब्याजवळ जाऊ नका. खारघरच्या पांडवकड्यावर अनेकांचे जीव गेले आहेत. खाडीच्या चिखलात पाय रुततो, तेव्हा काठावरूनच फोटो काढा. पक्षी ठिपक्याएवढे दिसले तरी चालतील. ते माना वर करून एकदम चालू लागले, तर आपण फार जवळ गेलो असं समजा आणि मागे या.

फोटो काढण्याआधी मोबाईलच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद सुरू करा. तारीख, वेळ, जागा फोटोबरोबर साठते. ई-पीक पाहणीत आपण पिकाचा फोटो चढवतो, तिथेही शेताचं ठिकाण असंच नोंदलं जातं. व्हॉट्सॲपवर तो नेहमीसारखा पाठवला, तर फोटो लहान होतो आणि ही माहिती निघून जाते. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो दोघींच्या मोबाईलमध्ये आणि एका मेमरी कार्डावर ठेवा. बचतीच्या वहीसारखी एक वही करा: तारीख, तिथी, वेळ, कुठून काढला, कोणी काढला. फोटोत रंग भरू नका, काही पुसू नका. फोटो जसा आहे तसा राहिला, तरच त्यावर विश्वास बसतो.

ग्रामसभेत बांध, विहीर, ओढा यांचा विषय निघाला की हे चार फोटो वर्षाच्या क्रमानं टेबलावर मांडा. म्हणजे 'तिथे पाणी कधी नव्हतंच' असं म्हणणं कोणालाही अवघड जाईल. आणि वयस्कर बायकांना ते जरूर दाखवा. कुठे झरा होता, कुठे तिवरं होती, हे त्या सांगतील. तेही वहीत लिहा.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढं एक काम करा. तीन जागा ठरवा, प्रत्येक जागेची जबाबदारी दोघींवर द्या आणि येत्या पौर्णिमेला पहिला फोटो काढा.