रोवणी खोळंबते तेव्हा अंगात काय होते?

पऱ्हे तयार आहेत, पण बांधीत चिखलणीपुरते पाणी नाही आणि आभाळ कोरडे. धानावर जगणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातल्या घरांत असे दिवस आले की घरधन्याचे जेवण कमी होते, झोप तुटते, आवाज चढतो. घरचे मायेने म्हणतात, "टेन्शन नका घेऊ." पण ताण कोणी हौसेने घेत नाही. तो अंगात काय करतो हे कळले, तर आपण एकमेकांना जास्त आधार देऊ शकू.

गैरसमज : ताण हा नुसता मनाचा खेळ आहे.
वस्तुस्थिती : संकटाची चाहूल लागताच मेंदू मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप धाडतो. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. हृदय जोरात चालते, यकृत साखर मोकळी करते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. छातीत धडधड, कोरडे तोंड, बिघडलेले पोट, जड डोके ही त्याचीच रूपे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली शरीराच्या अशा प्रतिसादाचे वर्णन केले. म्हणजे तक्रार करणारा माणूस सोंग करत नसतो.

गैरसमज : ताण नेहमी वाईटच.
वस्तुस्थिती : पाऊस पडला की पहाटे उठून दिवसभर चिखलात रोवणी करण्याचे बळ हाच ताण देतो. काम उरकले की शरीर पूर्ववत होते. बिघडते ते ताण उतरतच नाही तेव्हा. आधी पावसाची वाट, मग तुडतुड्याची धास्ती, पुढे खरेदी केंद्रावरची रांग आणि चुकाऱ्याची प्रतीक्षा, वर कर्जाचा हप्ता. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असावे लागते. लांबलेल्या ताणात हा क्रम विस्कटू शकतो. झोप मोडते, रक्तदाब आणि साखर वाढू शकते, आजाराशी लढण्याची ताकद घटते, विसराळूपणा आणि चिडचिड वाढते.

गैरसमज : छातीत दुखतेय ना, टेन्शनचे असेल.
वस्तुस्थिती : हे घरी बसून ठरवू नका. छातीत दाब, घाम, दम किंवा डाव्या हातात कळ असेल, तर १०८ वर फोन करून ताबडतोब दवाखाना गाठा. हृदय ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच ताणाचा विचार करावा.

गैरसमज : मोहाची थोडी घेतली की झोप लागते, ताण जातो.
वस्तुस्थिती : दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि सकाळी मन अधिक खचते. पैसा जातो, घरात भांडण शिरते आणि ताणाचे मूळ कारण जागच्या जागी राहते.

गैरसमज : मनाच्या डॉक्टरकडे जातो तो वेडा, खंबीर माणसाला गरज नाही.
वस्तुस्थिती : ताणाला गडीमाणूस, बाई, लहान, थोर सारे सारखेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातला रस गेला असेल, तर तपासणी करून घ्यावी. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीत बोलता येते. ही सेवा २०२२ पासून सुरू आहे.

कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतो आणि त्याला उपचार व आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

रोजचे उपाय साधेच आहेत. ठरल्या वेळी झोपणे, वेळेवर जेवणे, संथ श्वास घेणे आणि विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करणे. कर्जाचा आकडा लपवू नका. तो घरच्यांसमोर मांडला की निदान एकट्याने वाहावा लागत नाही.

पाऊस आपल्या हातात नाही. पण आज संध्याकाळी ओसरीवर गप्प बसलेल्या माणसाजवळ जाऊन बसणे आपल्या हातात आहे. "टेन्शन नका घेऊ" म्हणण्याऐवजी विचारा, "रात्री झोप लागते का?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका.