दंतोपचार, विकलांग व स्मृतिभ्रंशग्रस्तांचे

शारीरिक वा बौद्धिक अक्षमता असलेल्या, तसेच स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या दातांची व मुखाची चिकित्सा. ब्रिटनमध्ये २००८ साली या विषयाला दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. या रुग्णांचे दंतरोग बहुतांशी इतरांसारखेच असतात. बिकट असते ती उपचारांपर्यंतची वाट. जिन्यावरचा दवाखाना, चाकांच्या खुर्चीतून तपासणीच्या खुर्चीत हलविण्याची अडचण व सोबत्याचा बुडणारा रोजगार ही उघड विघ्ने होत. त्यांहून गंभीर विघ्न म्हणजे वेदना सांगता न येणे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अन्न नाकारतो, गालाशी हात नेतो, कवळी काढून टाकतो किंवा रात्री अस्वस्थ होतो. हे सर्व मूळ रोगाचेच लक्षण समजले जाते आणि किडलेला दात तसाच राहतो.

काही विकार मात्र विशिष्ट असतात. डाऊन लक्षणसमूहात हिरड्यांचा व दातांच्या आधार-ऊतकांचा रोग लवकर व तीव्र होतो. अपस्मारावरील फेनिटॉइनमुळे हिरड्या वाढू शकतात. वृद्धांना दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांनी लाळ कमी होते व उघड्या पडलेल्या दंतमुळांना कीड लागते.

स्मृतिभ्रंशात वेळेला फार महत्त्व आहे. रोगाच्या आरंभी रुग्ण संमती देऊ शकतो व सहकार्यही करतो. म्हणून गुंतागुंतीचे उपचार तेव्हाच उरकून घेणे श्रेयस्कर. नवी कवळी वापरणे हे जीभ व गालाच्या स्नायूंना नव्याने शिकावे लागते. प्रगत अवस्थेत हे शिक्षण होत नाही, त्यामुळे जुन्या कवळीची हुबेहूब प्रतिकृती अधिक उपयोगी पडते. भेटी आखूड ठेवणे, दिवसातील शांत वेळ निवडणे व परिचित व्यक्ती जवळ असणे यांनी पुष्कळ काम साधते. दात कोरणे अशक्य असल्यास सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइडचा लेप कीड थोपवू शकतो. किडलेला भाग त्याने काळा पडतो, ही गोष्ट नातेवाइकांना आधी सांगावी लागते. काहींना शुद्धिहरणाखालीच उपचार द्यावे लागतात. अशा वेळी केवळ सोयीसाठी वाचविण्याजोगे दातही एकदम काढून टाकणे समर्थनीय नाही.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये विकलांगतेचे प्रकार ७ वरून २१ झाले. सरकारी व खाजगी रुग्णालयांचे सर्व भाग अडथळामुक्त असावेत, अशीही त्यात तरतूद आहे. २१ प्रकारांत कंपवाताचा उल्लेख आहे. स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र नामनिर्देश नाही.

दैनंदिन मुखस्वच्छतेचा भार शेवटी सांभाळणाऱ्यावर पडतो. जपानमधील शुश्रूषागृहांत केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित मुखस्वच्छता लाभलेल्या वृद्धांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. हात थरथरणाऱ्यास जाड मुठीचा ब्रश देतात. कवळी रात्री काढून स्वच्छ करतात. वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होत असल्याने, कवळी तयार करतानाच तिच्यावर रुग्णाचे नाव घालणे इष्ट असते.