मानांकनाचे तारे आणि विजेचे बिल

पुण्यात घर घेऊ पाहणाऱ्या गृहस्थास हल्ली जाहिरातीत जलतरण तलावाशेजारी आणखी एक भूषण आढळते: हरित इमारतीचे मानांकन. हे भूषण केवळ शोभेचे नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या एकीकृत विकास नियमावलीनुसार 'गृहा'चे तीन, चार वा पाच तारे मिळविणाऱ्या इमारतीस मूळ चटई क्षेत्राच्या अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के जादा बांधकाम करता येते. हे जादा बांधकाम शेजाऱ्यांच्या उजेडातून, रस्त्यातून आणि पाण्यातून आपला वाटा घेते. तेव्हा मोबदल्यात शहराच्या पदरात काय पडले, हे विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे.

मूळ कल्पनेशी आमचे वैर नाही. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरने २००३ साली 'लीड' पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळविले. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिली वास्तू. तेथे मधोमध चौक आहे, जाळ्या आहेत, छतावर हिरवळ आहे, आणि सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून शुद्ध होते. वाड्यातील चौक व ओसरी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांस यात परके काहीच वाटू नये.

परंतु जाहिरातीत झळकते ते बहुधा पूर्वप्रमाणपत्र, म्हणजे आराखड्यावरून दिलेली पावती. ठरलेले मानांकन न मिळाल्यास दंडाची तरतूद नियमावलीत आहे, हे योग्यच झाले. मात्र तिची नजर भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतच पोहोचते. पुढे खर्च परवडत नाही म्हणून सोसायटीने सांडपाण्याची यंत्रणा बंद ठेवली, तरी दारावरचे तारे ढळत नाहीत. पश्चिमेस सबंध काचेची भिंत उभारावयाची आणि एप्रिलात ती तापली की काटकसरी वातानुकूलन यंत्राची फुशारकी मारावयाची, यास आम्ही पर्यावरणाची सेवा म्हणण्यास तयार नाही. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेने भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे. जादा क्षेत्र मागणाऱ्याने निदान ही कसोटी तरी प्रथम उतरावी.

आमची सूचना साधी आहे. जादा क्षेत्राच्या किमतीचा काही भाग महापालिकेने अनामत म्हणून ठेवावा, आणि रहिवासी आल्यानंतर दोन उन्हाळ्यांची वीज व पाण्याची एकूण बिले पाहून तो परत करावा. ती बिले इमारतवार प्रसिद्धही करावीत. रहिवाशांची नावे त्यात येण्याचे कारण नाही.