दातांच्या फटींनाही माप असतं!

दोन दातांमधल्या फटीत साध्या टूथब्रशचे केस नीट पोचत नाहीत. तिथे थर साचत राहिला की हिरड्या सुजतात, रक्त येतं. उपाय आहे इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा छोटा ब्रश, पण आपल्या मापाचा!

📌 दाढांना बहुधा जाड ब्रश लागतो, पुढच्या दातांना बारीक.
📌 केस दोन्ही दातांना टेकावेत, ब्रशच्या मधली तार दातांना घासू नये. जोर लावावा लागला, तर एक माप कमी घ्या.
📌 रंग बघून घेऊ नका. रंगांची मापं कंपनीगणिक बदलतात.
📌 फट अगदी घट्ट असेल तर फ्लॉस, म्हणजे दातांचा धागा वापरा. ब्रिज (शेजारच्या दातांवर बसवलेला कृत्रिम दात) असेल तर कडक टोकाचा फ्लॉस त्याच्या खालून ओवता येतो.

डेंटिस्टकडून प्रत्येक फटीचं माप लिहून घ्या आणि रोज एकदा फटी साफ कराच!