मीठ सोसणारे पीक : खारेपाटापासून आपण काय घ्यावे?



रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे गेलात तर खाडीकाठी बांध घातलेली खारजमीन दिसते. बांधापलीकडे भरतीचे पाणी, अलीकडे उभे भात. जुना 'राता' आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, २, ३ हे वाण तिथे येतात. मग आपल्या कृष्णाकाठच्या क्षारपड तुकड्यात ऊस का बसतो?

उत्तर रोपाच्या पेशीत आहे. प्रत्येक पेशीच्या पोटात पाण्याची एक मोठी पिशवी असते. शास्त्रात तिला रिक्तिका म्हणतात, आपण कोठी म्हणू. मिठातला सोडियम पेशीत मोकळा फिरला की पालाशची जागा अडवतो आणि कामकाज बिघडते. म्हणून पेशी त्याला कोठीत कोंडते. कोठीच्या पडद्यावरचा पंप आधी आम्लाचे कण आत ढकलतो. ते बाहेर येताना त्यांच्या बदल्यात सोडियम आत जातो. काही सोडियम मुळे जमिनीतच परत टाकतात, काही पानाकडे जाताना वाटेत अडवला जातो. खाडीतले तिवर तर पानावाटे मीठ बाहेर टाकते. पान चाटून बघा, खारट लागेल.

पण ही हमाली फुकट होत नाही. पंप चालवायला रोप स्वतःची साखर जाळते. तेवढी साखर वाढीला आणि कांडीला कमी पडते. उसाला तर मीठ फार सोसत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता १.७ डेसीसायमनच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे ६ टक्के घटते.

खारेपाटातही सगळा भार रोपावर नसतो. कोकणचा पाऊस मीठ धुतो आणि ओहोटीला उघाडीतून पाणी निघून जाते. आपल्याकडे तेवढा पाऊस नाही, उलट पाटाचे जादा पाणी खालचे क्षार वर आणते. तेव्हा :

१) आधी माती तपासून घ्या. जमीन चोपण निघाली तरच शिफारशीप्रमाणे जिप्सम टाका.
२) चर किंवा भूमिगत निचरा काढा. निचऱ्याशिवाय जिप्सम वाया जाते.
३) पाणी मोजून द्या, जमल्यास ठिबकने.
४) लागणीआधी ताग किंवा धैंचा गाडा.
५) पालाशचा हप्ता चुकवू नका.
६) अशा जमिनीत पाडेगावचा फुले २६५ हा वाण तग धरतो, तो घ्या.

वाण कितीही चिवट असला तरी त्याची कोठी कधीतरी भरतेच. शेतातले मीठ बाहेर काढणे हे काम आपलेच आहे.

— ऊस विकास अधिकारी