रस्ता बांधणारे, रस्त्यावर राहणारे

प्रवासवर्णनांचा आपल्याकडे सुकाळ आहे, रस्त्यांविषयीच्या लेखनाचा मात्र दुष्काळ. अमेरिकेतल्या निवृत्तांच्या फिरत्या घरांविषयी, म्हणजे आरव्हींविषयी, मराठीत जे लिहिले जाते, त्यात आरव्ही हे हमखास मुक्तीचे वाहन ठरते. नोकरीचा जाच संपला, घर विकले आणि चाकांवर संसार मांडला! गृहस्थ लष्करी अभियंता असला तर कथा आणखी सोपी होते; शिस्तीत जखडलेला जीव अखेर मोकळा सुटला म्हणायचे आणि सूर्यास्ताच्या वर्णनाला लागायचे. ही मांडणीच मला उलटी वाटते. लष्करी अभियंत्याची भटकंती म्हणजे त्याच्या नोकरीला दिलेली सोडचिठ्ठी नव्हे, तिचाच उत्तरार्ध आहे. तो ज्या मोकळेपणाने हिंडतो, तो मोकळेपणा सार्वजनिक बांधकाम, देखभाल आणि पेन्शन या तीन खांबांवर उभा आहे.

अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचा प्रारंभीचा इतिहास झटकन ओलांडू. 1802 मध्ये दलाची कायम स्थापना झाली आणि त्याच वर्षी वेस्ट पॉइंटची अकादमी निघाली. पुढे किल्ले, बंदरे, नद्यांचे काठ ही कामे ओघाने आली. आपल्या विषयाला खरी सुरुवात होते 1919 मध्ये. त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या लष्करी मोटारताफ्याला पोहोचायला 62 दिवस लागले. वाटेत गाड्या चिखलात रुतल्या, लाकडी पूल मोडले आणि अभियंते ते दुरुस्त करत पुढे गेले. त्या ताफ्यात आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी होता. 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी 41,000 मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. बाकी या महामार्गांचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. मी त्यात भर घालत नाही.

माझा जीव अडकला आहे तो अलास्का महामार्गात. पर्ल हार्बरनंतर अलास्काला खुष्कीचा मार्ग हवा म्हणून मार्च 1942 मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबरअखेर ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत कच्चा रस्ता जोडला गेला. लांबी सुमारे 2,700 किलोमीटर, राबणारे सैनिक दहा हजारांहून अधिक, आणि त्यांतले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय, वेगळ्या रेजिमेंटांत ठेवलेले. 95व्या रेजिमेंटच्या वाट्याला यंत्रांऐवजी बव्हंशी हातची अवजारे आली. तरीही सिकॅनी चीफ नदीवरचा लाकडी पूल तिने चार दिवसांच्या आत उभा केला. मात्र या रस्त्याचा खरा धडा मातीने दिला. बुलडोझरने शेवाळाचा थर खरवडला की खालची कायम गोठलेली जमीन उन्हाने वितळे आणि रस्ता चिखलात बसे. उपाय निघाला तो असा: तो थर हलवायचाच नाही, त्यावर ओंडके अंथरायचे आणि वरून भराव टाकायचा. जमिनीला जिंकण्यापेक्षा तिची प्रकृती ओळखण्यात अभियंत्याची अक्कल दिसते. 1948 मध्ये हा रस्ता सामान्य वाहनांना खुला झाला. आज उन्हाळ्यात त्यावर आरव्हींची रीघ असते. युकॉनमधल्या वॉटसन लेकला गावांच्या नामफलकांचे जे जंगल प्रवासी कौतुकाने पाहतात, त्याचा पहिला फलक 1942 मध्ये एका अभियंता सैनिकानेच लावला.

आता राहण्याचे ठिकाण. 1944 च्या पूरनियंत्रण कायद्याने अभियंता दलाला आपल्या जलाशयांच्या काठी विहाराच्या सोयी करायची मुभा दिली. आज दलाच्या अनेक तलावांकाठी तंबूंच्या आणि आरव्हींच्या जागा आहेत. बासष्टी ओलांडलेल्या नागरिकाला ज्येष्ठांच्या पासावर तिथे साधारणपणे निम्मे भाडे पडते. निवृत्त अभियंता आपल्याच दलाने अडवलेल्या पाण्याकाठी मुक्काम ठोकतो, तो असा. यावर आक्षेप येतो की हे पाणी कुणाच्या तरी घरांवर उभे आहे. आक्षेप खराच आहे. नॉर्थ डकोटातल्या गॅरिसन धरणाने मँडन, हिदात्सा आणि अरिकारा जमातींची दीड लाख एकरांहून अधिक जमीन गिळली, एल्बोवुड्स गाव बुडाले. 1948 मध्ये या जमिनीच्या करारावर सही होताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट रडत होते, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पण या आक्षेपाने माझे म्हणणे अधिकच पक्के होते. फिरत्या घराचा मोकळेपणा हवेतून येत नाही, त्याची किंमत कुणीतरी चुकवलेली असते. म्हणून तर त्याचा हिशेब लिहायला हवा. सूर्यास्ताच्या वर्णनात तो बसत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. भटकणाऱ्याला कसली आली शिस्त, असे विचारणाऱ्यांनी आरव्हीचे वजनपत्रक एकदा तरी वाचावे. लष्करी अभियंता पुलावर एक आकडा लावतो आणि वाहनावर एक. वाहनाचा आकडा मोठा असेल तर पूल ओलांडायचा नाही. निवृत्तीनंतर तो तेच करतो. पाण्याची दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वाढले, ते कोणत्या आसावर पडतील? ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर नसेल तर मागची गाडी झुलू लागते. घाटाच्या उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून गियर आधीच खाली घ्यावा लागतो. न्हाणीचे सांडपाणी एका टाकीत, शौचाचे दुसऱ्या, आणि दोन्ही नेमून दिलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. पाणी, वीज, मैला, भार, चढ: छावणी उभारणाऱ्याची ही सारी यादी चार भिंतींत आली, एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जेसिका ब्रूडर यांच्या 2017 च्या ‘नोमॅडलँड’ पुस्तकातली वयस्क माणसे घर परवडत नाही म्हणून गाडीत राहतात आणि हंगामी मजुरी करतात. त्यांना मुक्त म्हणणे क्रूरपणाचे होईल. मान्य! पण रस्ता तोच, तळही बरेचदा तेच, मग फरक कशाने पडला? 2018 पूर्वी भरती झालेल्या सैनिकाला वीस वर्षांच्या सेवेनंतर मूळ वेतनाच्या सुमारे निम्मे पेन्शन जन्मभर मिळते, शिवाय उपचारांची सोय असते. एकाची भटकंती हौस ठरते आणि दुसऱ्याची परवड, यातली रेघ स्वभावाने आखलेली नाही, पेन्शनने आखली आहे. ‘सगळे सोडून निघा’ असा उपदेश करणाऱ्यांना ही रेघ दिसत नाही.

हे सारे अमेरिकेचे म्हणून सोडून द्यावे, तर खडकीला बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे केंद्र आहे, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि 1960 पासून हिमालयातले रस्ते सीमा सडक संघटना सांभाळते. तरीही लडाखच्या मराठी वर्णनांत खिंडीची उंची येते, दरवर्षी तिथला बर्फ कोण हटवतो ते येत नाही. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याचे स्वागतही झाले. मात्र चर्चा झाली ती गाडीतल्या सोफ्याची. मैल्याच्या टाक्या कुठे रिकाम्या करायच्या, तळावरचा नळ तिसऱ्या वर्षी कोण दुरुस्त करणार, हे विचारणारे थोडे. असे प्रश्न विचारायची सवय लष्करी अभियंत्यांची हयात जिथे गेली तिथेच लागते. फिरत्या घरांची हौस आपल्याकडे रुजवायची असेल तर धोरणाच्या टेबलावर गाड्या विकणाऱ्यांच्या आधी निवृत्त सॅपरला खुर्ची द्यावी.