फळ्यावरचा खर्च आणि शिक्षकावरचा खर्च

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी ज्ञानदानाला व्यापारी घराण्यांनी नेहमीच सढळ हाताने साथ दिली. पाठशाळा, वसतिगृहे, गुरुकुले आणि विद्यालये यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. अलीकडे त्यांच्या जोडीला ‘डिजिटल वर्ग, अमुक परिवाराच्या सौजन्याने’ अशी नवी पाटीही दिसू लागली आहे. हेतू उत्तमच आहे. प्रश्न एवढाच, की फळा बदलल्याने अध्यापन बदलते काय?

हिशेबाच्या भाषेत पाहिले तर पडदा, प्रक्षेपक आणि संगणक हा भांडवली खर्च होय. खरेदी झाल्या दिवसापासून त्यावर घसारा धरावा लागतो. शिक्षकाचे कौशल्य मात्र ताळेबंदात कोठेच दिसत नाही. पण ते वापराने झिजत नाही, उलट वाढते. तरीही संस्थांच्या अंदाजपत्रकात पहिल्या बाबीला मोठी रक्कम आणि दुसरीला शून्य, असे चित्र वारंवार आढळते.

साधन आणि शिक्षक यांचे नाते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात ‘जिओजेब्रा’ हे गणिताचे साधन तयार करण्यास आरंभ केला. शाळांना ते विनामूल्य मिळते. पडद्यावरील त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोन बदलतात. बेरीज मात्र १८० अंशच राहते. एखादा शिक्षक हे नुसते दाखवून पुढे जातो. दुसरा आधी थांबतो, “आता बेरीज वाढेल की घटेल?” असे विचारतो, प्रत्येकाला आपले उत्तर वहीत लिहायला लावतो आणि मगच बिंदू हलवतो. साधन तेच, वर्गही तोच. पण पहिल्या वर्गात मुले प्रेक्षक असतात, दुसऱ्या वर्गात विद्यार्थी. हा फरक यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. तो प्रशिक्षणातून आणि सरावातून येतो.

ऑनलाइन चाचणीचेही तसेच आहे. गुगल फॉर्मवर दहा प्रश्न दिले की कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी कोणते उत्तर दिले, हे तत्काळ समोर येते. व्यापाऱ्याला तेरीज जुळली नाही की चूक शोधावीच लागते. त्याचप्रमाणे तीस मुलांपैकी वीस जणांनी एकच चुकीचे उत्तर निवडले असेल, तर दोष मुलांच्या आळसात नसून समजावण्यात असण्याचा संभव अधिक. तो धडा दुसऱ्या दिवशी वेगळ्या रीतीने शिकवला, तरच त्या चाचणीचे सार्थक.

शिक्षक घडवण्यावर खर्च करण्याची कल्पना समाजाला नवी नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यापाड्यांत शाळा चालवायच्या तर शिक्षकही तयार करावे लागतील, हे जाणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केले.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड टिपला की मुलांना कविता ऐकता येई, चित्रफीत पाहता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० चा दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. परितेवाडीत महागडी यंत्रसामग्री नव्हती. आपल्या मुलांची अडचण ओळखून साधन निवडणारा शिक्षक होता.

प्रशिक्षणाचे मार्गही आता घरबसल्या खुले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ मंचावर शिक्षकांसाठी अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. धोका एकच: चित्रफीत शेवटपर्यंत चालू ठेवून प्रमाणपत्र पदरात पाडून घेण्याचा. पाठशाळेत सूत्र मुखोद्गत झाले म्हणजे त्याचा अर्थ उमगला असे होत नाही, हे समाजाला सांगायला नकोच.

म्हणून विश्वस्तांनी काही गोष्टी अवश्य कराव्यात. डिजिटल साधनांसाठी देणगी स्वीकारताना तिचा ठरावीक हिस्सा शिक्षक प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका कारकुनी कामातून मोकळी द्यावी. त्या वेळेत त्यांनी एकमेकांचे पाठ पाहावेत आणि त्यांवर चर्चा करावी. शिकलेली एक तरी गोष्ट महिनाभरात वर्गात वापरून तिचा परिणाम सहकाऱ्यांपुढे मांडावा. किती प्रमाणपत्रे मिळाली यापेक्षा वर्गात काय बदलले, याची विचारणा व्हावी. ही विचारणा धाकाची नसावी. नवा प्रयोग फसला तरी शिक्षकाला तो मोकळेपणाने सांगता आला पाहिजे.

पालकांनीही प्रवेश घेताना ‘किती स्मार्ट बोर्ड आहेत?’ या प्रश्नासोबत ‘शिक्षक या वर्षी काय नवे शिकले?’ असे विचारावे. ग्राहक जे मागतो ते दुकानात येते, हे व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

संस्थांची नव्या वर्षाची अंदाजपत्रके तयार होतील तेव्हा ‘शिक्षक प्रशिक्षण’ हे स्वतंत्र खाते उघडावे आणि त्यात पहिली जमा एखाद्या दात्याने करावी. त्या देणगीची पाटी भिंतीवर लावता येणार नाही. पण ज्ञानदान या शब्दाला ती अधिक न्याय देईल.